ऐकलेली नोटीस

उमरखेडच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली आम्ही चार-पाच अर्जनवीस बसतो. लोकांचे अर्ज लिहायचे, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची आणि कोणाला सरकारी कागद आला तर तो वाचून त्यात काय आहे ते समजावून सांगायचं, हे आमचं काम. मी छत्तीस वर्षं हेच करतोय. त्यातही वाचून सांगायचं काम मला जास्त आवडायचं. माणूस घडी घातलेला कागद पुढे करतो तेव्हा त्याचा जीव त्या कागदात अडकलेला असतो. आपण दोन वाक्यांत सांगितलं की तो मोकळा होतो. वाईट बातमी असली तरी मोकळा होतो. लोक मला बाबूसाहेब म्हणायचे ते बहुतेक त्यामुळेच.

तीन वर्षांपूर्वी मला ओळी वाकड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं टाइपरायटर बिघडला. मी तो दुरुस्तीलाही दिला. कारागिराने तेलपाणी करून परत दिला आणि म्हणाला, मशीनमध्ये काहीच खराबी नाही. मग ओळींच्या मधोमध एक करडा डाग बसला. जिकडे बघावं तिकडे डाग. ज्या अक्षरावर नजर टाकावी तेच अक्षर नाहीसं होई आणि कडेची दिसत.

मी एकटाच नांदेडला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता, घाई न करता बोलला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाला. चष्म्याने भागणार नाही. कडेची नजर राहील, चालता-फिरता येईल, पण वाचणं अवघड होत जाईल. परत येताना बसस्टँडजवळच्या दुकानातून मी जाड काड्यांचा नवा चष्मा घेतला. त्याचा मला काहीच उपयोग नव्हता. घरी बायकोला सांगितलं, नंबर वाढला म्हणून चष्मा बदलला.

तेव्हापासून मी लपवत आलो. टाइपिंगला अडचण नव्हती, बोटांना जागा पाठ होत्या. वाचणं वर्षभर कसंबसं जमलं, पुढे मात्र त्याचं सोंग करावं लागायचं. कागद हातात आला की मी त्याची जाडी बघायचो, मान तिरकी करून वरच्या ठळक ओळीतला एखादा शब्द पकडायचो. सात-बारा त्याच्या रकान्यांवरून कळायचा. कोर्टाचा कागद लांबीवरून. मग मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, हा कोणी दिला, देताना काय म्हणाला. लोकांना अर्धं ठाऊकच असतं. उरलेलं अर्धं मी अनुभवावरून सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि म्हणूनच मी थांबत नव्हतो.

एकदा आधीच टाइप केलेल्या कागदावर मी दुसरा अख्खा अर्ज टाइप केला. शेजारच्या अर्जनवीसाने उचलून दाखवला तेव्हा हसून म्हणालो, म्हातारपण आलं. तोही हसला. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

मागच्या वर्षी कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. ढाणकीच्या पलीकडच्या एका तांड्यावरची बाई मंगळवारी माझ्याकडे आली. चाळिशी ओलांडलेली, बंजारा समाजाची. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. त्याच्या नावच्या शेतावर वारस म्हणून तिचं नाव लागावं यासाठी तिचा अर्ज मीच करून दिला होता. आता तिच्या हातात एक कागद होता. तलाठ्याच्या माणसाने घरी आणून दिला, म्हणाली.

"माह्यं नाव लागलं का, दादा?"

मी कागद चाचपला. एकच पान, खाली शिक्का. तिरक्या नजरेने वर पाहिलं तर "वारस" एवढा शब्द हाती लागला. मी पुष्कळ पाहिले होते असले कागद. नोंद धरली की गावात नोटीस जाते, पंधरा दिवस कोणी हरकत घेतली नाही की नाव लागतं. मी तिला तेच सांगितलं. काही करायचं नाही, घरी बसून वाट पाहायची. ती इतकी निवांत झाली की कागद माझ्यापाशीच ठेवून गेली. घरी उंदीर कुरतडतात, म्हणाली, तुमच्या बॅगेत नीट राहील.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, कचेरीतला आवक-जावकचा कारकून माझ्याजवळ येऊन बसला. हा पोरगेला माणूस, दिग्रसचा, जन्मापासून आंधळा. दोन वर्षांपूर्वी बदलून आला तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं की हा कागदपत्राचं काम करणार कसा. तो कानात इअरफोनची बोंडकं घालून संगणकावर बसायचा आणि संगणक त्याला वाचून दाखवायचा. डोळसांपेक्षा त्याचं टेबल साफ असे. चहाला तो रोज काठी टेकत आमच्या शेडपर्यंत यायचा.

त्या दिवशी आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"काकाजी, एक गोष्ट इचारू? राग नका मानू. तुमाले दिसून राह्यलं का नाई?"

मी म्हटलं, काहून?

"तुमी कागद वाचत नाई आता. आधी वाचताना ओठातल्या ओठात पुटपुटत होते, मले खिडकीतून आइकू ये. वर्ष झालं, ते बंद हाय. आता तुमी लोकायलेच इचारता, काय लिवलं हाय म्हणून."

डोळे असलेल्या शंभर माणसांत मी वावरत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्याने मला कधी पाहिलंच नाही त्याला कळलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याच्यासमोर सोंग करायला काही साधनच नव्हतं. चष्मा काढून पुसणं, कागद लांब धरणं, यातलं काहीच त्याच्या उपयोगाचं नव्हतं. मी हो म्हणालो. नांदेडचा डॉक्टर सोडला तर मी हे पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो, आणि बोलल्यावर छातीत एक जागा रिकामी झाल्यासारखी वाटली.

त्याने फार विचारपूस केली नाही. माझा फोन मागून घेतला, त्यावर बोटं फिरवत कागद वाचून दाखवणारं काहीतरी उतरवून घेतलं आणि मला शिकवायला लागला. कागद सपाट ठेवायचा. फोन त्याच्या वीतभर वर धरायचा. हात हलवायचा नाही. टक् असा आवाज आला की थांबायचं. सरावासाठी एखादा कागद काढा, म्हणाला. मी बॅगेत हात घातला आणि सगळ्यात वरचा कागद बाकड्यावर ठेवला.

पहिल्यांदा हात हलला. दुसऱ्यांदा अर्धाच कागद आला. तिसऱ्यांदा फोनमधून एका बाईचा आवाज बोलायला लागला. सपाट, घाई नसलेला, रागलोभ नसलेला आवाज. "ता." आणि "जि." तिने नुसतेच एकेक अक्षर म्हणून वाचले, शिक्क्यापाशी अडखळून भलतंच काही बोलली. मला हसू आलं. कारण ज्या भाषेत मी छत्तीस वर्षं लिहिलं ती भाषा इतकी तिऱ्हाइतासारखी असते हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग हसू थांबलं. आवाज म्हणत होता की आपल्या नावे वारस नोंद घेण्यास आपल्या दिराकडून हरकत प्राप्त झाली असून सदर हरकतीवरील सुनावणी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ढाणकी येथील मंडळ अधिकारी कार्यालयात ठेवण्यात आली आहे. आपण गैरहजर राहिल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून निर्णय घेण्यात येईल.

मंगळवारचा तो कागद होता. नाव लागायची नव्हे, नाव लागू नये म्हणून आलेली नोटीस. आणि त्या बाईला मी घरी बसायला सांगितलं होतं.

"आज गुरुवार हाय ना, काकाजी?" कारकुनाने हळूच विचारलं.

तिचा फोननंबर माझ्याकडे नव्हता, तिच्याकडे फोनच नव्हता. आता निघून परतीची बस मिळाली नसती, म्हणून उद्या सकाळच्या पहिल्या बसने तांड्यावर जायचं एवढाच उपाय होता. पण ढाणकीची बस कोणती, हे मला बसच्या पाटीवरून वाचता येत नव्हतं. अनोळखी तांड्यावर तिचं घर शोधणं तर त्याहून अवघड. कोणीतरी सोबत हवं होतं, आणि त्यासाठी घरी सांगावं लागणार होतं.

घरी बायको तूर निवडत बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सगळं सांगितलं, नांदेडपासून नोटिशीपर्यंत. तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. पण ती जे बोलली त्याची मी कल्पनाही केली नव्हती.

"म्हणून तुमी माह्याकडं पाहत नव्हते का? मी बोलली की तुमी भितीकडं पाहता. मले वाटे, माह्यं काई चुकलं असंन."

मी तिला समजावलं की तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं की तोंडच पुसलं जातं. कानाच्या बाजूला, भिंतीकडे नजर ठेवली की मग ती दिसते, कपाळ, डोळे, सगळं. मी भिंतीकडे बघत होतो ते तिलाच बघत होतो.  ती उठून भाकरीचं पीठ मळायला लागली आणि आतूनच म्हणाली की सकाळी लवकर निघू, डबा घेते.

सकाळच्या बसमध्ये तिने मला खिडकीशी बसवलं. गावागावांच्या पाट्या ती मला वाचून सांगत होती, न विचारता. ढाणकीला उतरून ऑटो केला. तांड्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि बाई घरी नव्हती. ओसरीत तिची सासू बसली होती, थकलेली म्हातारी. तिने हाताने दाखवलं, सून वावरात गेली आहे वेचायला.

वावर जवळच होतं. बायको पुढे झाली आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली. बाई कमरेला बांधलेल्या ओच्यात कापूस घेऊन तशीच आली. मी बाबूसाहेब तिच्या धुऱ्यावर कसा, हे तिला कळेना. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला दिसत नाही. मंगळवारी मी कागद वाचलाच नव्हता, अंदाजाने सांगितलं होतं. माझी चूक झाली. तुझ्या दिराने हरकत घेतली आहे आणि आज अकरा वाजता सुनावणी आहे.

तिने ओचा सोडून कापूस धुऱ्यावर टाकला. माझ्याकडे पाहत होती की नाही ते मला दिसलं नाही.

"दिसत नाई तं सांगाचं होतं, दादा. म्या दुसऱ्या कोनाकडून वाचून घेतलं असतं."

एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग झपाझप घरी गेली, हातपाय धुतले, पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला. म्हातारीही काठी घेऊन उठली. घरात एकटी बसून काय करू, मी येते, म्हणाली.

मंडळ अधिकाऱ्याची खोली लहान होती. दीर आधीच येऊन बसला होता. भावजयीला पाहून त्याने मान वळवली, आणि मागे आईला पाहून तो उठून उभा राहिला, असं बायकोने मला हळूच सांगितलं. अधिकाऱ्याने बाईला विचारलं की हरकतीवर तिचं म्हणणं काय. ती म्हणाली, हरकतीत काय लिहिलंय हेच मला माहीत नाही. अधिकारी मला ओळखत होते. त्यांनी हरकतीच्या अर्जाची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, बाबूसाहेब, वाचून दाखवा त्यांना.

खोलीत सात-आठ माणसं होती. त्यात माझी गिऱ्हाइकंही असतील. मी म्हणालो, साहेब, मला आता वाचता येत नाही, फोनने वाचू का?  मग वाचा, ते म्हणाले. बायकोने कागद टेबलावर सपाट केला, मी फोन वीतभर वर धरला. फोन हलू नये म्हणून तिने खालून मनगटाला आधार दिला.

आवाज बोलायला लागला. मयताची पत्नी आठ वर्षांपासून नवऱ्याला सोडून माहेरी राहते. तिचा शेताशी काही संबंध नाही. शेत मयताच्या भावाच्या वहिवाटीत आहे. बाई मध्येच बोलायला लागली तेव्हा अधिकाऱ्यांनी तिला थांबवलं, पूर्ण होऊ द्या म्हणाले. आवाजाला कोणाचीच भीड नव्हती. तो तसाच पुढे गेला. वरील मजकूर खरा असल्याबद्दल मयताची आई साक्षीदार म्हणून अंगठा देत आहे.

म्हातारीने विचारलं, हे कोणाबद्दल बोलली ती फोनातली बाई?

अधिकाऱ्यांनी सांगितलं, तुमच्याबद्दल. या कागदावर तुमचा अंगठा आहे. म्हातारी काठी टेकत टेबलाशी आली.

"अंगठा माह्या असंन, साहेब. पोरानं घेतला. श्रावणबाळच्या पैशाचा कागद हाय म्हणे. पण हे म्या नाई सांगतलं. हे सून माह्याच घरात राह्यते. माह्या पोराले अखेरपर्यंत हिनंच पाहिलं."

मग ती मुलाकडे वळली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला एकदोन शब्दांपलीकडे कळलं नाही. आवाज चढवला नव्हता तिने. पण तो खाली बसला. अधिकाऱ्यांनी म्हातारीचा जबाब लिहून घेतला, तिला वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला. निकाल नंतर कळवू म्हणाले. दीर आधी निघून गेला.

बाहेर येऊन आम्ही चौघं एका टपरीवर बसलो. बायकोने डबा उघडला. मला एकदम इतकी भूक लागली होती की मी तीन भाकरी खाल्ल्या. बाईने आपल्या हाताने माझ्या भाकरीवर ठेचा वाढला. ती अजून माझ्याशी फार बोलत नव्हती, पण ठेचा वाढला. अकराच्या ऐवजी बारा वाजले असते, किंवा कारकून गुरुवारी चहाला आला नसता तर, हे मी त्या जेवणात दहा वेळा मनात आणलं असेल. दर वेळी सुटलो असं वाटायचं आणि पुन्हा पाण्याचा घोट घ्यायचो.

सोमवारी मी शेडमध्ये बसलो तो चष्मा न लावता. जो येईल त्याला आधीच सांगायचं ठरवलं होतं, की बाबा, मला दिसत नाही, फोन वाचेल, तुम्हीही ऐका. काही जण उठून शेजारच्याकडे गेले. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी गेले. हाताने लिहिलेले कागद फोनला वाचता येत नाहीत, ते मी शेजारच्याकडूनच वाचून घेतो. त्याला आता मी कधी हसून टाळत नाही. कारकून रोज येतो आणि फोनच्या नव्या नव्या खुब्या शिकवतो. मी बोलायचं आणि फोनने लिहायचं, हेही जमायला लागलंय.

एक गोष्ट मात्र मला कोणी शिकवली नाही. मी केलेला अर्ज मी आता पुढे पाठवण्याआधी ऐकतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा लाज वाटली. एक वाक्य सुरू झालं ते संपेचना. सदरहू, उपरोक्त, सबब, त्याअन्वये. ज्या माणसाचा तो अर्ज होता तो समोरच बसला होता आणि त्याला स्वतःच्या अर्जातलं काही कळलं नाही. तेव्हापासून मी वाक्यं तोडायला लागलो. आता अर्ज ऐकताना माणूस मध्येच बोट वर करतो, थांबा बाबूसाहेब, असं नाही झालं, आधी तलाठी आला अन् मग मोजणी. मी दुरुस्त करतो. पूर्वी असं कधी होत नव्हतं. पूर्वी लोक मान हलवायचे आणि सही करायचे.

संक्रांतीच्या सुमारास ती बाई आली. या वेळी तिच्या हातात निकाल होता. कोणाकडून वाचून घेतला नव्हता, सरळ माझ्याकडेच आणला होता. मी काही न विचारता तो बाकड्यावर ठेवला आणि फोन धरला. ती बाकड्यावर माझ्या शेजारी बसली, पदर कानामागे सारून. हरकत फेटाळण्यात येत आहे, आवाज म्हणाला. वारस म्हणून खालील नावांची नोंद घेण्यात यावी. आणि तिचं नाव आलं, तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. त्याखाली सासूचं.

ती म्हणाली, पुन्हा लावा. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती आवाजाबरोबर आपलं नाव हळूच म्हणत होती. मग तिने कागदाची घडी घातली, ओच्यात खोचली आणि निघाली. त्यात काय लिहिलंय हे तिने मला एकदाही विचारलं नाही.